बारा बाय आठ

मल्हारगंजात माझं दुकान. फ्लेक्स छापतो.
पार्षदजींचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो
असं मला आधी वाटायचं.

परवा त्यांचा माणूस आला. म्हणाला, भिया,
आपल्या गल्लीतली पोरगी खो-खोत पदक घेऊन आलीये,
अभिनंदनाचा लावायचाय. बारा बाय आठ.
वर साहेब, बाजूला साहेबांचे साहेब,
खाली सतरा शुभेच्छुक, नावं चुकवू नकोस.
आणि पोरगी?
बसव कुठेतरी.

बसवली. शाळेतला पासपोर्ट फोटो,
घट्ट दोन वेण्या, एक डोळा मिटायच्या बेतात.
साहेबांच्या डोळ्यांखालचं काळं पुसण्यात
माझी चाळीस मिनिटं गेली.

संध्याकाळी ती स्वतःच आली, निलाक्षी.
गुडघ्याला पट्टी, हातात दळणाचा डबा.
बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.
मी माउस सोडून बसलो, म्हटलं आता भांडेल.
म्हणाली, काका, बोंद्रे. बोंदरे नाही.
आणि ह्या सतरांत बाबांना घेता येईल?
तीन वर्षं रात्रपाळी मागून घेतली त्यांनी,
पहाटे मला मैदानावर सोडता यावं म्हणून.

शुभेच्छुक अठरा केले.
मोजतंय कोण.

आज सकाळी चौकात फ्लेक्स चढला.
कारखान्याच्या निळ्या शर्टातला एक माणूस
सायकलवरून न उतरता, एक पाय टेकून उभा होता.
नावांच्या ओळीपर्यंत त्याची नजर गेलीच नाही.
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
एवढ्या मोठ्या चेहऱ्यांमध्ये
तो पोरीला शोधत होता.