पीळ

आचऱ्याच्या खाडीपाशी, जिथे रिसॉर्टची वाळू संपून
चिखल सुरू होतो,
तिथे आनंदी टिकम सोडणं पुरून ठेवते.
नऊ महिने. वर दगड.
बाहेर काढते तेव्हा वास असा सुटतो
की माझ्या अठरा चटयांवरचे पाहुणे
श्वास घ्या म्हटलं तरी घेत नाहीत.

वर्ग आटोपून मी तिच्याकडे जातो.
बडवलेला काथ्या, मग पदर,
तीन पदरांचा एक दोर.
सांगतो, काकी, जुन्या भाषेत
दोराच्या पदराला गुण म्हणत.
एक उजळ, एक सळसळता, एक जड.
त्या तिघांनीच सगळं वळलंय,
ही खाडी, हा वास, तुमचा राग, माझं मन.
ती पिळता पिळता म्हणते,
'गुण? आमच्या झिलाक बारावीक चारच कमी पडले.'

पण कुणीतरी हे पहिल्यांदा पाहिलं असणारच.
आसनात बसून नाही, चिखलात हात घालून.
त्याच्याकडे देव नव्हता, घंटा नव्हती,
मोजायची सवय होती.
माती, पाणी, त्यांचा वास, त्यांची चव,
जीभ, नाक, चालणारे पाय,
मी-मी करणारा आतला कारकून.
चोवीस झाले. बोटं थांबली.
मोजणारा तेवढा मोजायचा राहिला.

त्या राहिलेल्यासाठी पुढे लोक
पाठ ताठ करून बसू लागले.
पाय दुखले. मग पायांचंही शास्त्र झालं,
आणि माझ्यापर्यंत येता येता वेळापत्रक:
सहा ते सात, नाश्ता वेगळा.

काल एका दोराचा पीळ चुकला.
काकीने रहाट उलटा फिरवला.
तिन्ही पदर एकमेकांना सोडून
अंगणभर सैल पडले,
पण कुरळेच.
'सुंभ जळला तरी...' मी सुरुवात केली.
'जाळूक कित्याक व्हया? भिजत घाल.
सुटता. येळ लागता.'

कापलेलं टोक मी डोळ्याशी धरलं.
पदर जिथे एकमेकांना टेकतात
तिथे मधोमध
टाचणी मावेल एवढी जागा होती,
तिघांपैकी कुणाचीच नसलेली.
'काय बघतंस?'
'काही नाही.'
'मग धर ह्यां टोक. ओढू नको. नुसतां धर.'

ती चाळीस पावलं मागे गेली.
खाडीत भरती लागली होती.
माझ्या मुठीत दोर वळू लागला.