ओगी

मोलेच्या फाटकापाशी तिकिटं फाडून झाल्यावर
झिलू झोरे म्हणाला, "ओगी."
म्हणजे गप्प. इथून पुढं तोंड बंद,
काही दिसलं तर हातानं सांगायचं:
साप असेल तर मूठ, पक्षी असेल तर उघडा तळवा,
गवा असेल तर दोन बोटं कपाळाला.
नाशिकहून आलेले पाच जण हसू दाबत
दोनदा गिरवत राहिले धडा.
माझा भाऊ रोहिदास मागं उभा होता.

त्रेपन्न वर्षं तो ओगीच आहे.
फोंड्याला मिक्सर दुरुस्त करतो,
भांड्यावर तळहात ठेवतो आणि बेअरिंग गेलंय का सांगतो.
लग्नाकार्यात त्याची कोपऱ्यातली खुर्ची ठरलेली,
हातात सगळ्यांच्या आधी आइस्क्रीम,
आणि "त्याला सांग ना गं" असं
मला सांगणारी माणसं.

पाचोळा वाजू नये म्हणून
आम्ही खालीच बघत चाललो होतो.
तो वर बघत होता.
तळवा उघडला त्यानं.
माट्टीच्या शेंड्यावर माडगरुड,
एका चोचीवर दुसरी उपडी ठेवलेली,
इतका मोठा, की फांदीनंच त्याला धरलंय असं वाटावं.
झिलूनं आधी पक्षी पाहिला, मग रोहिदासला,
आणि काही न बोलता
पायवाटेवरून बाजूला होत त्याला पुढं घातलं.

मग दीड तास आम्ही सगळे
माझ्या घरातली भाषा बोललो.
चुकत, अडखळत, क्रियापदं विसरत.
शेकरूचं घरटं. कपाळाला दोन बोटं.
गवा नव्हता, खूर होता,
त्यात साचलेलं पाणी अजून गढूळ.
नाशिकच्या मुलानं हवेत पट्टे ओढून विचारलं,
वाघ?
झिलूनं पंजा हलवला, असेल-नसेल.
आमच्याकडं पगाराविषयी बोलताना हाच हात हलतो.

कुळ्याहून जीप, नारिंगी जाकिटं,
तीन ओहोळ, कायतानच्या शिव्या,
आणि शेवटी दूधसागर.
तिथं सगळेच बहिरे.
काकू नवऱ्याच्या कानात तोंड घालून ओरडतायत,
नवऱ्याचं एकच, "काय? काय?"
मी एका दगडावर, रोहिदास पलीकडच्या,
मध्ये वीस हात फेसाळ पाणी,
आणि आमचं निवांत चाललेलं:
भूक लागलीय का. पाव जीपमध्ये आहे.
नाही, पाव माकडाकडं आहे, ते बघ.
मग तो वाकला,
ओल्या खडकावर तळहात ठेवून
बराच वेळ थांबला,
आणि मला म्हणाला: बेअरिंग गेलंय.
मी हसले, ते मलाही ऐकू आलं नाही.
वर पुलावरून गाडी गेली,
सगळ्यांसाठीच बिनआवाजाची.

परतताना तांबडी सुर्ला.
एवढ्या झाडांत एवढासा काळा दगड,
देऊळ कसलं, कुणी विसरून गेलेला डबा वाटतो.
आत नंदी, त्याला डोकंच नाही.
लोक नंदीच्या कानात इच्छा सांगतात,
हे त्याला लहानपणी मीच शिकवलं होतं,
आणि बोरीच्या देवळात त्यानं
तोंडाजवळ हात नेऊन नुसते ओठ हलवले होते,
बाकीची पोरं हसली होती. मीही.

त्यानं मानेच्या तुटक्या कडेवरून बोट फिरवलं,
माझ्याकडं वळून विचारलं, कान?
मी पंजा हलवला, असेल-नसेल.

मग तो नंदीसमोर मांडी घालून बसला,
माझ्याकडं पाठ करून,
मुद्दाम.
मला दिसत होते फक्त कोपर,
कधी सावकाश, कधी घाईनं हलणारे,
बराच वेळ.
बाहेर कायताननं दोनदा हॉर्न दिला.
झिलू दारात चपला हातात घेऊन उभा,
मला म्हणाला, "काय सांगतोय?"

मी म्हटलं, ओगी.