पाकिटाची जाडी

फकीरप्पाला मराठी वाचता येत नाही.
खरं माझ्या कथांचा पहिला निकाल तोच लावायचा,
सायकल विजेच्या खांबाला टेकवून,
पाकीट अंगठ्यात न् बोटात दाबून.
"दप्प ऐति री, बाई."
दप्प म्हणजे जाड.
जाड म्हणजे आली परत, सगळी पानं, टाचणीसकट,
वर माझ्याच अक्षरात माझाच पत्ता,
मीच चिकटवलेली तिकिटं.

बारीक पाकीट, त्याच्या भाषेत 'तेळ्ळग',
सत्तावीस वर्षांत चार वेळा आलं.
चौथ्या वेळी मी त्याला चहा पाजला, कपबशीत,
आणि आतून निघालं
वर्गणी संपल्याचं पत्र.

बाकी वेळ मी खानापुरात कौलांच्या कारखान्यात
आवक-जावक लिहिते.
किती कौलं गोव्याला गेली, किती ट्रकात फुटली,
किती भट्टीतच वाकली.
वाकडी कौलं आम्ही टाकत नाही,
गोठ्यावर चालतात.
परत आलेल्या कथा मी त्याच हिशेबानं
ट्रंकेत ठेवत गेले.

दिवाळी अंकाला जूनअखेर पाठवायची
म्हणजे एप्रिलात लिहायची,
मलप्रभेचं पाणी खडकाखाली गेलेलं असताना
पणत्यांविषयी.
साभार परत. साभार परत.
एका संपादकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं,
'आणखी थोडं'.
आणखी थोडं काय, ते नव्हतं लिहिलं.
त्यावर मी अकरा वर्षं काढली.

मग पाकीटच गेलं.
कथा फक्त ऑनलाइन स्वीकारल्या जातील,
युनिकोडमध्ये, दोन हजार शब्द.
स्टेशन रोडला गुरवाच्या झेरॉक्सात
त्याचा धाकटा चिदानंद टाइप करायला बसला,
पानाला वीस रुपये, जोडाक्षरांचे वेगळे नाहीत.
नाव: विजयमाला घाडी.
वय: अठ्ठावन्न.
जिल्हा:
बाण दाबला की यादी उघडते.
अकोल्यापासून सुरू, छत्तीस.
त्यानं खाली नेली, मी म्हटलं पुन्हा वर ने.
बेळगाव नव्हतं. बेळगावी पण नव्हतं.
'इतर' असा एक जिल्हा असतो, तोही नव्हता.
"लाल चांदणी हाय मावशी, रिकामं घेत नाही."
बाहेर हुबळीची गाडी शिट्टी देऊलती.
कोल्हापूर टाक म्हटलं.
तिथं मी दोनदा गेलेय, एकदा डोळ्यांसाठी.
पिन पाच-नऊ-एकचा,
तो मशीननं मुकाट घेतला.

नवव्या दिवशी छापली.
म्हणजे छापली नाही, दिसायला लागली.
खाली ओळ: कोल्हापूरच्या नव्या दमाच्या लेखिका.
मी चष्मा पुसून कथा वाचली,
भट्टीवरल्या शांतव्वाची, नवरा गाडीवर गेलेला.
मी लिहिलं होतं,
'येतो म्हणाला, खरं आला नाही.'
तिथं होतं,
'येतो म्हणाला, पण आला नाही.'
अशी चौदा ठिकाणं. बोटं मोजून.
अर्थ तोच आहे, बिघडलं काहीच नाही.
फक्त शांतव्वा आता कुठली तरी दुसरीच बाई आहे,
चांगली शिकलेली,
नवरा येणार नाही हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखी.

एवढंच होतं का ते आणखी थोडं?

फकीरप्पा रिटायर झालाय.
संध्याकाळी बसस्टँडच्या कट्ट्यावर असतो,
गुडघ्याला तेल लावून, येणाऱ्या बसची पाटी
मोठ्यानं वाचत, कन्नडातली.
मी फोन त्याच्या हातात दिला.
त्यानं स्क्रीनकडे बघितलंच नाही.
अंगठ्यात न् बोटात धरला,
जुन्या सवयीनं जरा दाबला,
तळव्यावर वरखाली केला.
"तेळ्ळग ऐति," म्हणाला, आणि हसला
सगळ्या उरलेल्या दातांनी.

दोन चहा सांगितले.
ह्या वेळी पैसे त्यानं दिले.
खरं जिल्ह्याचं मी त्याला काही बोलले नाही.