तुरटीचं पाणी

सावद्याच्या पॅकहाऊसात, पत्र्याखाली,
तिसऱ्या हौदावर माझी जागा.
घडातून फण्या सुटतात, चीक सांडतो,
मी धुते.
बोटांवरचा काळा डाग मात्र धुवून जात नाही,
पोरीच्या हळदीला मेंदी काढली, तर तिच्याखालूनही वर आला.

एफ्रेन मार्चात आला.
कंपनीनं बोलावलेला, बुटका, हसरा.
फणी कशी उचलायची, कशी ठेवायची
ते शिकवायला,
तान्ह्याची मान धरतात तशी, हे त्यानं हातांनीच सांगितलं.
आम्ही तोंडाला पदर लावून हसलो.
रावेर तालुक्याला केळी शिकवतोय व माय!
पण त्याच्या खोक्यातली फणी
दुबईत उघडली तरी कोरी निघायची.

मला म्हणायचा, आते.
आमच्यात आते म्हणजे बापाची बहीण.
त्यांच्यात थोरली बहीण, कोणाचीही.
म्हटलं, राहू दे.
मधे समुद्र असल्यावर
नातं एखादी पायरी सरकायचंच.

एका दुपारी लाईट गेली. पट्टा थांबला.
शेचाळीस डिग्री, पत्र्यावर पाखरू टेकेना.
त्यानं हौदात फण्या मांडायला घेतल्या.
वर मोठी एक, खाली मोठी एक,
मधे तुटकी, जुळ्या केळांची, रिजेक्टमधली बारकी.
"मेरा देस," म्हणाला. "पूरा टुकडा टुकडा."
मग बोट ठेवत नावं.
सामार. लेयते. बोहोल.
सुरिगाव म्हणाला तेव्हा मी थांबवलं.
सुरिगाव? हे तर आमच्याच अंगाचं,
यावलच्या अलीकडे, फाट्यावर उतरायचं,
कोणाची तरी आते तिथे दिलेली असणार.

किती बेटं, छबूनं विचारलं.
सात हजार, नि वर काही.
छबू हौदाकडे बघतच राहिली.
"मग तलाठी किती लागत असतील?"

पण पाणी कुठे ऐकतं.
तुरटीचं, शांत, तरीही
सामार हळूहळू बोहोलला जाऊन टेकलं,
एक प्रांत नळाखाली गेला,
एक माझ्या बाजूला आला.
तो बोटानं परत लावायचा.
ते सरकायचं.
परत लावायचा.

मी समुद्र पाहिलेला नाही.
हतनूरचं पाणी चढलं की
एक टेकाड बेट होतं, वर दोन बाभळी.
एका साली तिथे कोणाची तरी शेळी अडकली होती, तीन दिवस.
एवढंच माझ्याकडे होतं, तेवढं दिलं.
त्यानं विचारलं, शेळीचं पुढे काय झालं?
इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

तापी समुद्राला जाते, हे शाळेत होतं.
आता केळीही जातात,
माझ्या हातची धुतलेली, तेरा डिग्रीत,
डब्यात बसून, बंदर ओलांडून.
मी काळी-पिवळीत, चिनावलला.

मेअखेरीला वारं आलं.
निसवलेली बाग रात्रीत आडवी,
पानं पार चिंध्या.
एफ्रेन बांधावर उभा राहिला, मग विचारलं,
ह्याचं नाव काय?
वाऱ्याला नाव नसतं बाबा.
त्यांच्याकडे असतं, माणसासारखं.
त्याचं घर नेलं ते बाईच्या नावाचं होतं.
कोणतं, ते त्यानं सांगितलं नाही
आणि एक पडलेलं खोड उगाच उचलून
सरळ धरून बघितलं.

दिवाळीआधी गेला.
भरीत डब्यात न्यायचं म्हणत होता,
विमानात घेऊ देत नाहीत म्हणे.

लाईट अजून जाते.
पट्टा थांबला की फण्या आपल्या आपण फिरतात,
कुठे घोळका, कुठे नुसतं पाणी.
छबू म्हणते, ते बघ,
तुझं सुरिगाव कडेला लागलं.
मी हात लावत नाही.
भंगाळे सुपरवायझर ओरडतो,
सुपडाबाई, लाईट आली ना,
चीक वाळतोय.