सात वड्या

दुकानात जोडा घेताना, काकी, मी एवढंच म्हणतो,
डाव्याला पुढं थोडा कापूस भरावा लागेल.
पोरगा विचारतो, अपघात का?
मी म्हणतो, हो. थंडीचा.
पुण्यात कोण विश्वास ठेवणार.

एकोणऐंशी साल.
खडकी बाजारातले जुने लष्करी बूट,
माझ्या बुटात दुसऱ्याच कुणाचं नाव शाईनं लिहिलेलं.
आणि तो दोर, विश्रामनं कालव्यावर धुऊन
तुमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात वाळत टाकलेला,
तुम्ही चिडलात, मी लुगडी कुठं टाकू?
दर रविवारी पाठीवर विटा घेऊन सिंहगड.
दहीवाल्या बाईनं एकदा विचारलं,
वर घर बांधताय का रे?

सहा जण गेलो.
पेपरात आलं, पुण्याचे सहा धाडसी तरुण.
कडा सुटला तेव्हा आम्ही झोपलो होतो,
रात्री दोनला, कुणीतरी घोरत होतं.
झोपेत कसलं धाडस.

मग चौघं नव्हते. तंबू नव्हता.
विश्राम होता, त्याचा पाय
गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला.
म्हणाला, निळ्या, टेलिफोनचे खांब चढतोस ना,
आता उतरता येतं का बघू.

दोन रात्री ओढला त्याला.
ओढणं म्हणजे चार हात, मग दम, मग चार हात.
तो मोठ्यानं मोजायचा.
पर्वतीच्या पायऱ्या मोजतोय म्हणायचा,
एकशे तीन झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.
खायला विचारलं की म्हणायचा, संपल्या वड्या.
तिसऱ्या पहाटे तो सत्तेचाळीसवर थांबला.
मी अठ्ठेचाळीसची वाट पाहिली.
उजाडेपर्यंत पाहिली.

हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं,
कुबड्या भिंतीला टेकवून, क्वार्टरच्या ओट्यावर.
तुम्ही गहू निवडत होतात. हात थांबला नाही.
एकच विचारलंत,
भुकेला होता का रे?
मी म्हणालो, नाही काकी,
तुमच्या वड्या होत्या ना त्याच्या खिशात.

होत्या. सात.
गुळाचा दगड झालेला, दाणे काचेसारखे.
तो गेल्यावर मी त्याची चेन उघडली,
बोटं वळत नव्हती म्हणून दातांनी.
मेलेल्या मित्राच्या छातीवर तोंड घालून
चेन ओढणारा माणूस वरून कसा दिसला असेल,
ह्याचा विचार मी खांबांवरून बदली होऊन
एक्स्चेंजच्या खुर्चीत बसल्या बसल्या
निवृत्तीपर्यंत केला.
दिवसाला दोन. चौथ्या दिवशी एक.
त्या संध्याकाळी एका मेंढपाळाच्या कुत्र्याला मी सापडलो.

संपल्या म्हणाला होता.
माझ्यासाठी ठेवल्या, की स्वतःसाठी,
की भ्रमात विसरला,
मी दर संक्रांतीला तुमच्याकडं यायचो
आणि न विचारता परत जायचो.

ह्या वर्षी सांगून टाकलं.
दिघीच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
सून आत टीव्ही बघत होती.
तुम्हाला आता कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं,
मी खाल्ल्या, काकी! सगळ्या मी खाल्ल्या!
टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाला.

तुम्ही म्हणालात, चौदा दिल्या होत्या.
सात त्याच्या, सात तुझ्या.
त्याच्या त्यानं खाल्ल्या असतील.
वाटणीत त्यानं कधी खोटं केलं नाही.

एवढं सोपं होतं?
मी तुमच्याकडं पाहिलं.
मांडीवर ताट होतं, तिळात खडे शोधत होतात.
ह्या वेळी हात थांबलेला.
खोटं मीही बोललो होतो तुमच्याशी,
त्यामुळं ते कसं दिसतं ते मला माहीत आहे.
पण चौदाही असतील.
असू शकतील.

तुम्ही म्हणालात, तीळ महाग झालेत रे.

लिफ्ट बंद होती.
कठडा धरून, डावा पाय आडवा टाकत उतरलो.
नको म्हणता म्हणता मोजत होतो.
सत्तेचाळीसनंतर
अजून पायऱ्या होत्या.