नमुना क्रमांक एक्केचाळीस

फॉर्ममध्ये एक रकाना होता: शिक्षणातील खंड, वर्षे.
मी लिहिलं, चौदा.
पुढे कारण. जागा दीड इंच.
दीड इंचात बर्न वॉर्ड, मेल सर्जिकल,
कोविडचे दोन उन्हाळे, बाबांचं डायलिसिस, माझं सिझेरियन
बसेना, म्हणून नुसतं लिहिलं: नोकरी.

खिडकीतल्या बाबूनं मातृभाषेवर बोट ठेवलं.
"मराठी? महाराष्ट्र से हो?"
"नहीं भैया, माधवगंज से."
पणजोबा इथे फौजेचे हिशेब लिहीत,
तेव्हापासून आम्ही घरात मराठीत रागावतो
आणि खिडकीवर हेच उत्तर देतो.
त्यानं शिक्का मारला. दोनदा; पहिला उमटलाच नव्हता.

प्रवेश परीक्षेचा अभ्यास नाइट ड्यूटीत,
औषधांच्या ट्रॉलीवर पुस्तक उघडं,
तीन ते चार, जेव्हा सलाइनसुद्धा डुलक्या घेत ठिबकतं.
जानेवारीत कंपूवर धुकं असं
की सकाळी स्कूटी मी कानांनी चालवायची:
आधी दुधाचे कॅन, मग शाळेची घंटा, मग आमचं वळण.

यादीत नाव लागलं. वय अडतीस.
वर्गातल्या मुली आधी मॅडम म्हणाल्या,
मग दीदी, मग नुसतं वैजू.
सूसम्मा मॅडम, कोट्टयमच्या, तीस वर्षं ग्वाल्हेरात,
फळ्यावर शून्य गृहीतक शिकवत होत्या:
आधी असं धरायचं, की काहीच फरक पडत नाही.
दर दोन तासांनी कूस बदला किंवा बदलू नका,
पाठीला जखम व्हायची तर होईल.
आधी हे माना. मग आकडे आणा, आणि मोडा.

चौदा वर्षं या मनगटांनी जे उचललं, वळवलं, पुसलं,
ते एकदा शून्य म्हणायचं
आणि साठ माणसांच्या पाठी बघून परत मिळवायचं.
राग आला. मग हसू.
मग, खरं सांगू, भीती:
आकडे आलेच नाहीत तर?

साठ नमुने. तीस इकडे, तीस तिकडे.
एक्केचाळीस: रामसेवक, डबऱ्याचा, ट्रकवरून पडलेला,
कमरेखाली सगळं गप्प.
गट: नेहमीची काळजी. म्हणजे वॉर्डात जमेल तशी.
माझं काम फक्त मोजायचं. लाली, व्रण, सेंटिमीटर.
नवव्या रात्री मोजून निघाले, तर म्हणाला,
"बहनजी, तनिक करवट."
वॉर्डात एक सिस्टर, सत्तेचाळीस खाटा,
कलाबाई चहाला गेलेली.
टेप खिशात ठेवली.
एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली,
गुडघा खाटेच्या लोखंडाला टेकवून
(हे पुस्तकात नाही, हे कलाबाईचं)
त्याला वळवलं, पाठीशी उशी दिली.
मग दर रात्री.

सूसम्मा मॅडमना मीच सांगितलं.
त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
"वैजयंती, डेटा खराब हो गया,"
आणि लाल पेन्सिलीनं रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.
मग डबा उघडून केळ्याचे वेफर्स पुढे केले.

प्रबंधात एकोणसाठ आहेत.
फरक पडतो, असं निघालं. किती, ते दशांशात आहे;
बाइंडरनं नेमकं ते पान उलटं शिवलंय.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर
तक्त्यावर थांबले. "एक्केचाळीस कहाँ गया?"
"वगळला, सर." तोंडून मराठीच निघालं.
त्यांना कळलं असावं.
"कारण?"
पंख्याखाली पानं उडत होती, मी त्यांवर हात ठेवला.
"उसने आवाज़ दी थी, सर."
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, झाकून.

रामसेवक तोवर डबऱ्याला गेला होता,
भावाच्या ट्रॉलीत, गादीवर आडवा.
जाताना त्याची पाठ कशी होती,
ते कुठेच नोंदलेलं नाही.