बेअरिंगमधला प्ले

पगारे मॅडम वहीचं पान घेऊन आल्या होत्या,
पेन्सिलीनं काढलेलं:
एक खांब, एक आडवा हात, हाताच्या टोकाला चेंडू.
"मारला की परत यायला हवा, भामरेकाका.
विकतचं मशीन शाळेला झेपत नाही."
मी विचारलं, खेळ कुठला?
म्हणाल्या, बेसबॉल.
मी म्हटलं, बरं. चेंडूचं वजन सांगा.

अंबडला आमची शेड. सेकंड शिफ्ट सुटल्यावर
भंगारात दीड इंची पाइप सापडला,
लुनाचा मागचा हब, शॉकअबची एक स्प्रिंग,
बेअरिंगं तेवढी नवी घातली.
चेंडूवर पंक्चरवाल्या मुश्ताककडची ट्यूब चढवली,
तीन पदरी.
पैसे फक्त सामानाचे घेतले.
हे सांगायची गरज नाही,
पण बायको अजून विचारते.

सातपूरचं मैदान, डिसेंबर, सकाळचे साडेसहा.
चौदा मुली, चार बॅटी,
हेल्मेटं दोन, त्यातलं एक
कुणाच्याच डोक्याला बसत नाही.
मॅडमचा आवाज पार आयटीआय सिग्नलपर्यंत:
"मागच्या पायाखाली झुरळ आहे, चिरड त्याला!
आधी कंबर, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी.
नाझनीन, चेंडू कुठे गेला ते नंतर बघ,
आधी चेंडू बघ."
टण्ण.
चेंडू पाऊण गिरकी घेतो, स्प्रिंगला धडकतो
आणि उधारी मागायला आल्यासारखा
त्याच वाटेनं परत.
जेवढ्या जोरात घालवाल तेवढ्या जोरात येतो.
टण्ण.
पन्नास झाले की पुढची.

मी कामावर जाताना पाच मिनिटं थांबायचो.
पाचाची पंधरा व्हायची.

एक पोरगी मशीनकडे फिरकायची नाही.
यामिनी गांगुर्डे. टी-वर चेंडू ठेवून
एकटीच मारत बसायची कुंपणाच्या जाळीत.
मला वाटलं, घाबरते.
चौथ्या दिवशी लक्षात आलं,
ती उभीच राहते उलट्या बाजूला.
डावखुरी.
आणि माझा स्टॉपर वेल्ड केलेला, एकाच बाजूनं, पक्का.
तिनं मारला तर चेंडू दोन वीत जाऊन अडायचा.
कुणी तक्रार केली नव्हती. तिनंही नाही.

मी जेवतो उजव्या हातानं, सही उजव्यानं,
कानस मात्र अजून डाव्या हातात चालते.
शाळेत पट्टीचे व्रण तिथवर पोचले नव्हते.

त्या रात्री ग्राइंडरनं वेल्ड उडवला.
दोन भोकं पाडली समोरासमोर, एक पिन, एक साखळी.
पिन काढा, दुसरीकडे घाला.
काम वीस मिनिटांचं.
चार दिवस सुचलं नव्हतं.

तिनं पहिला मारला तेव्हा
खांब मुळापासून थरारला,
वरून ओझरचं विमान गेलं ते कुणाला ऐकू आलं नाही.
पन्नास झाले. पुढची कुणी आलीच नाही,
सगळ्या बघत उभ्या.

महिन्याभरात बेअरिंगला प्ले आला.
कारखान्यात प्ले म्हणजे दोष.
दोन सूत हलला तर साहेब जॉब फेकून देतो.
इथे आडवा हात चांगला चार सूत डुलत होता,
चेंडू एकदा गुडघ्याशी, एकदा छातीशी,
एकदा तर कानाजवळून.
मी नवी जोडी घेऊन गेलो, पाना घेऊन,
तोंड पाडून.

मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, काका.
समोरची पिचर काय सरळ टाकणार आहे?"

यामिनी बॅट पुढे करून उभी.
"काका, एक मारा ना."
मी डबा खाली ठेवला.
झुरळ चिरडलं. कंबर फिरली, नको तितकी.
हात सगळ्यात आधी गेले.
चेंडू जागचा हलला नाही.
मुली हसल्या; नाझनीन तर खालीच बसली.

"परत," यामिनी म्हणाली,
आणि वाकून
पिन काढून माझ्या बाजूची केली.